गोणीतली गाठ

चप्पल घ्यायला जाताना पाय घरी ठेवत नाहीत,
म्हणून मी ओंडका सोबत नेला.
वळवात पडलेल्या जांभळीचा, बुंध्याकडचा, मधोमध गाठ.
युरियाच्या गोणीत घालून
हेळवाकातनं कराडच्या गाडीत, शिटाखाली.
कंडक्टरनं पायानं चाचपून पाहिलं,
म्हणाला, मावशी, ह्याचं लगेज पडंल.
माझं अर्धं तिकीट, ओंडक्याचं पुरं.

दुकान ओगलेवाडीच्या रस्त्याला.
मालक सगळं सांगत होता ते माझ्या भाच्याला,
सुजितला, ज्यानं उभ्या जन्मात
ढलपी उचलली नाही.
हे सात टनी, हे बारा टनी,
हे पेट्रोलवरचं, फार्महाउसवाले नेतात.
टन म्हटलं की मला उसाची गाडी दिसते.
मी सांगितलं, घरी बंब आहे,
त्याला मनगटाएवढ्या फोडी लागतात, वीतभर लांब.
दुसऱ्यांदा सांगितलं
तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं.

मग मी गोणी सोडली.

सात टनीचं पातं झोकात आलं
आणि गाठीपाशी थांबलं.
मोटर घुमली, मग कण्हायला लागली.
मालक म्हणाला, हे लाकूडच खराब हाय.
खराब कसं?
बांधावर एकटं वाढलंय, वाऱ्याकडं तोंड करून.
पीळ पडणारच.

बारा टनीनं फोडलं,
बोटभर रेषे लोंबत राहिले दोन्ही बाजूंना.
बघा, म्हणाला, बटण एका हातानं दाबायचं,
दुसरा हात मोकळा.
मी त्या मोकळ्या हाताकडं बघत राहिले.

ह्यांचं बोट पाचरीखाली गेलं
तेव्हा तो हात मोकळाच होता.
काही धरायला नव्हता, आपला ठेवलेला.
पुढं सतरा वर्षं चहाची बशी
डाव्या हाताच्या तीन बोटांवर आणि अंगठ्यावर तोलली,
सांडली नाही कधी.
कुणी विचारलं तर म्हणायचे, बंबात गेलं,
त्या दिवशी पाणी लवकर तापलं.

कोपऱ्यात एक होतं, वर रिकामी खोकी ठेवलेली.
दोन दांडे.
दोन्ही हात दांड्यांवर असले तरच चालतं,
एक सुटला की पातं जागच्या जागी उभं.
ह्याला कोण विचारत न्हाई, मालक म्हणाला,
लई हळू. एका फोडीला अर्धं मिनिट.
मी मनात हिशेब केला.
रोजच्या आठ फोडी, चार मिनिटं.
राहिलेल्या दिवसाचं काय करायचं
ते दुकानात विचारण्यासारखं नव्हतं.

खोकी उतरवली, उरलेलं अर्धुक त्यात घातलं.
अडलं.
मी दांडे सोडले, ओंडका फिरवला,
गाठ कडेला घेतली, पुन्हा धरलं.
गेलं. वास आला,
जांभळं नसलेल्या महिन्यातला जांभळाचा वास.

आत्या, गिझर घे की, सुजित म्हणाला.
धरणाचं पाणी माझ्या परसापर्यंत येतं,
वीज मंगळवारची येत नाही.
मग ह्ये मशीन तरी मंगळवारी कशावर चालणार?
सोमवारी फोडून ठेवीन, म्हटलं.

बिल कुणाच्या नावानं?
सुजितनं तोंड उघडलं होतं.
लिहा, द्वारका दगडू साळुंखे.
दगडू आधी लिहू लागला, खोडलं, परत लिहिलं.

आता ते पडवीत आहे, प्लास्टिकखाली.
शेजारची यमू येऊन दोन दांडे धरून बघते,
म्हणते, पाळण्याच्या कड्या धरल्यागत वाटतंय.
कुऱ्हाड दाराआड आहे तशीच.
दांडा सगळा गुळगुळीत,
फक्त डाव्या मुठीत एका बोटाएवढी जागा खरबरीत.
काटक्या तोडायला घेते मी ती.
माझं बोट बरोबर तिथंच बसतं.
कुसळं भरतं कधी कधी.